वसंताची खुर्ची

ज्ञानाची तहान लागलेला माणूस अंथरुणाला पाठ लावत नाही. आमच्या वाघोलीच्या सोसायटीत याचं उदाहरण म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माझा मित्र, वसंत गायकवाड. सात वर्षं तो खिडकीजवळच्या खुर्चीत, दिवा लावून, मांडीवर जाडजूड ग्रंथ उघडून रात्र काढी. समोरच्या इमारतीतले लोक आपल्या मुलांना तो दिवा दाखवत. तीन आठवड्यांपूर्वी वसंता झोपेत गेला… तेव्हा आता सांगायला हरकत नाही. तो वाचत नव्हता. त्याला आडवं होता येत नव्हतं.

"उताणा झालो की छातीवर कुणीतरी येऊन बसतं," तो म्हणे. गळा वरून जेमतेम सुजल्यासारखा दिसे. डॉक्टरकडे चल म्हटलं की विषय बदले. विहारात वंदना तोच सांगायचा. गळ्याला कुणी हात लावला की आवाज जाणार, अशी त्याची खात्री होती.

मग सोसायटीने त्याचा सत्कार ठेवला. शाल, पुष्पगुच्छ, 'ज्ञानतपस्वी' असं लिहिलेलं मानपत्र. वसंताने दोन्ही हात डोक्यावर नेऊन सभेला नमस्कार केला. चेहरा लाल झाला, मग जांभळट. सर गहिवरले असं समजून लोकांनी टाळ्या वाढवल्या. टाळ्या वाढल्या म्हणून त्याने हात तसेच ठेवले. प्रमुख पाहुण्या सर्जन होत्या. टाळ्या वाजवत नव्हत्या त्या एकट्याच. उठून जवळ आल्या आणि म्हणाल्या, "आपण आधी हात खाली घ्या. आणि उद्या मला येऊन भेटा."

थायरॉइडची गाठ छातीच्या हाडामागे उतरून श्वासनलिका दाबत होती; हात वर नेले की आणखीच. "बहुतेक गळ्यातूनच निघेल, नाहीतर हाड उघडावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "आवाजाची नस अगदी शेजारून जाते. जपू, पण हमी देत नाही."

"मग राहू दे. बसून झोपायची सवय झालीय."

"अहो, सात वर्षं मी तुमचा श्वास ऐकत जागी आहे," शोभावहिनी म्हणाल्या. "मुके झालात तर तुमच्या वाटचं मी बोलेन. पण मला झोपू द्या."

"माझ्या वाटचं आताही तूच बोलतेस," म्हणत त्याने सही केली.

गाठ गळ्यातूनच निघाली. तो शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी त्याला काहीतरी बोलायला सांगितलं. वहिनी आणि मी बाहेर, काचेला कान लावून… घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "पंखा कमी करा." वहिनी तिथेच रडल्या.

आवाज राहिला, थोडा खाली उतरला. विहारातली मंडळीही मुकाट्याने त्याच्यासोबत खालच्या पट्टीत गेली. खिडकीतला दिवा मात्र साडेनऊलाच मालवू लागला आणि सरांनी वाचन सोडलं, अशी सोसायटीत हळहळ झाली.

परवाच्या शोकसभेत पुन्हा 'ज्ञानतपस्वी' ऐकून वसंताच्या घरी गेलो. खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या होत्या. "पाठ टेकून गेले," वहिनी म्हणाल्या, "माझं तेवढंच मागणं होतं." मग त्यांनी तो ग्रंथ माझ्या हातात ठेवला.

खूण पान अकरावर आहे.