नव्वद मिनिटांचा गुडघा

टेबलावर पाठ टेकली की तो डावा हात डोळ्यांवर आडवा टाकायचा आणि विचारायचा, "आज किती मिनिटं?"

प्रश्न त्याच्या उजव्या गुडघ्याबद्दल असायचा. मी बहारीनमधल्या एका फुटबॉल क्लबात फिजिओथेरपिस्ट आहे आणि तो आमचा स्ट्रायकर होता, स्कॉटलंडचा. मी गुडघा दाबून, वाकवून बघायचो आणि म्हणायचो, "पंचेचाळीस."

"सत्तर."

"साठ. त्यावर एकही नाही."

मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी करतात तशी घासाघीस. शेवटी तो खेळायचा पूर्ण सामना आणि दुसऱ्या दिवशी सुजलेला गुडघा घेऊन ओशाळं हसत दारात उभा राहायचा.

तिकडे विशीत त्याचं मोठं नाव झालं होतं. पहिल्या दुखापतीनंतर मोठ्या क्लबनं सोडलं, मग लहान क्लब, मग त्याहून लहान. बायकोही मध्येच कधीतरी सोडून गेली. पस्तिशीला टेकल्यावर तो आमच्याकडे आला. तुम्ही म्हणाल, संपलेला माणूस. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण गोलसमोर चेंडू आला की इतर सगळे घाई करतात, हा करायचा नाही. गोलकीपर झेप घेईपर्यंत थांबायचा आणि मग मोकळ्या कोपऱ्यात चेंडू हलकेच सरकवायचा. पहिल्याच मोसमात क्लबशेजारच्या हूरा वस्तीतली पोरंटोरं त्याच्या मागे धावायला लागली.

एका शुक्रवारी मी त्याला गुदैबियातल्या आमच्या घरी जेवायला नेलं. वरण-भाताचा घास घेऊन तो म्हणाला, "आमच्याकडे हे आजाऱ्याला देतात."

"मग बरोबर माणसाला वाढलंय," बायको म्हणाली आणि तिनं पानात लिंबाचं लोणचं घातलं. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

निघताना जिन्यात मात्र मला म्हणाला, "मला बाहेर बसवू नकोस. बाहेर माझं काहीच नाहीये."

करंडकाच्या फायनलआधी त्याच्या गुडघ्याचा एमआरआय काढला. कूर्चा जवळजवळ उरलीच नव्हती. मी मॅनेजरला स्पष्ट सांगितलं, "हा खेळला तर पुन्हा धड चालणार नाही."

"इंशाल्ला, काही होणार नाही," मॅनेजर म्हणाला. "फायनल झाली की आराम करू दे हवा तितका."

मी स्ट्रायकरलाही तेच सांगितलं. त्यानं डोळ्यांवरचा हात काढला नाही. "ऐकलं," एवढंच म्हणाला. क्लबच्या डॉक्टरनं दुखणं दाबायचं इंजेक्शन दिलं.

उत्तरार्धात त्यानं गोल केला, तसाच, थांबून. आनंदानं वळला आणि जागीच कोसळला. सगळे धावत जाऊन त्याच्या अंगावर पडले. तो ओरडतोय हे मैदानाबाहेरून मला कळत होतं, त्यांना कळायला वेळ लागला.

तो हॉस्पिटलात असतानाच क्लबनं नव्या ब्राझिलियन स्ट्रायकरचा फोटो टाकला. पोरगेलासा खेळाडू, अंगात याच्याच नंबरचा शर्ट. यानं तो मोबाइलवर पाहिला आणि मोबाइल पालथा ठेवला. करार संपला, त्याबरोबर व्हिसाही.

जाण्याआधी क्लबनं मैदानावर त्याचा सत्कार ठेवला. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, "कुबड्या काढून घे. फोटोत बऱ्या दिसत नाहीत."

"तो उभा राहू शकत नाही."

"एका फोटोपुरता राहील. यल्ला, चल लवकर."

त्यानं ते ऐकलं होतं. कुबड्या त्यानंच माझ्या हातात दिल्या आणि एका पायावर भार देऊन उभा राहिला. लोकांनी त्याच्या नावाचा गजर केला. तेवढ्यात सरावासाठी नवा स्ट्रायकर बाहेर आला, आणि गजर त्याच्याकडे वळला. फोटोग्राफरही वळला. हा गळ्यातल्या हारासकट तसाच उभा. मी पळत जाऊन त्याला खांद्याचा आधार दिला. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"झाला का फोटो?" त्यानं विचारलं.

"झाला," मी म्हणालो.

पुढे स्कॉटलंडात त्याचा गुडघा बदलला, असं कळलं. मध्यंतरी मी फोन केला. वरच्या मजल्यावर चढवत नाही म्हणून खाली सोफ्यावरच झोपतो, म्हणाला. फुटबॉल बघत नाही. तरी थोड्या वेळानं विचारलंच, "तो पोरगा गोल करतोय का?"

"करतोय. खूप."

"मग त्याच्या गुडघ्यांकडे लक्ष दे."

त्याच दुपारी मी त्या पोराच्या गुडघ्याला पट्टी बांधली होती. कसं सांगावं या विचारात होतो, तोवर पलीकडून फोन ठेवलेला होता. त्यानंतर त्यानं माझा फोन उचललेला नाही.