बास रं आता

आमच्या घरात बेस गिटारला कुणी कधी बेस म्हटलं नाही. ऑर्केस्ट्रातली माणसं ‘बास’ म्हणतात, भाऊही तेच म्हणायचा, आणि त्यावरून आईची आणि त्याची रोज संध्याकाळी जुंपायची. तो वाजवायला बसला की थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून हाक यायची, ‘‘बास रं आता, जेवाय ये.’’ आणि हा आतून म्हणायचा, बासच तर वाजवतोय. विनोद पांचट होता, पण दोघांना तो वर्षानुवर्षं पुरला. मी मधे बसून कपाळाला हात लावायचे.

तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. जत्रेतला कार्यक्रम करून परत येताना कोयनानगरच्या पुढे घाटात ऑर्केस्ट्राचा टेम्पो उलटला. बाकीच्यांचे हातपाय मोडले, तो गेला. गिटारला काही झालं नाही, तिची एक खुंटी तेवढी वाकली. त्या गिटारचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. खरं सांगायचं तर अजूनही मधूनच येतो.

आईनं ती नेहमीच्या जागी, आतल्या खोलीतल्या खिळ्याला अडकवली आणि तिच्याकडे बघणं सोडून दिलं. मीही हात लावला नाही. मग एकदा धक्का बसला. आमचं लहानपण कोयनेच्या वसाहतीत गेलेलं. वडील वीजघरात नोकरीला होते, आणि तिथं भूकंपाच्या धक्क्याचं कुणाला फारसं कौतुक नसायचं. फडताळातली भांडी खुळखुळली की आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि पुन्हा जेवायला लागायचो. वडिलांच्या मागे आम्ही साताऱ्याला आलो, तरी जरा मोठा धक्का असला की तो इथंवर येतोच. त्या संध्याकाळी भांडी वाजायच्या आधी भिंतीवरच्या गिटारची जाड तार वाजली. अगदी हलकी, कानापेक्षा छातीला कळावी अशी.

आई भाकरी थापत होती. तिचा हात परातीत तसाच थांबला.

‘‘आला वाटतं,’’ ती म्हणाली.

धक्का आला म्हणाली की दुसरं काही, ते विचारायचा मला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी ती गिटार खाली घेतली. मी शाळेत विज्ञान शिकवते, भिंतीवरच्या वस्तू आपोआप वाजायला लागलेल्या मला चालत नाहीत. वाजवायचीच असेल तर मी वाजवीन, असा सगळा आव होता. भावानं हौसेखातर थोडंफार शिकवलेलं होतं. तेवढ्यावर सुरुवात केली, पुढे हात बसला आणि त्याच्याच ऑर्केस्ट्रावाल्यांनी जत्रांच्या हंगामात मला सांगलीला बोलवायला सुरुवात केली.

आईचं माहेर कवठे महांकाळकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. अंधारात मेंढी खोकली तरी कुणाची खोकली ते ती लहानपणी सांगायची म्हणे. अशा कानाला भाऊ कोण आणि मी कोण हे कळत नसेल, असं मी तरी मानणार नाही. पण मी वाजवायला लागल्यावर काही दिवसांनी तिनं स्वयंपाकघरातून हाक दिली, ‘‘बास रं आता, जेवाय ये.’’

रं. मला ती आयुष्यभर गं म्हणत आली आहे. गॅस बारीक कर गं, भाजी जळली गं, कुठं उलथली होतीस गं. मला वाटलं, जीभ घसरली असेल, आता सुधारेल. मी जेवायला गेले, तिनं माझं ताट वाढलं आणि शेजारच्या म्हातारीच्या गुडघ्याविषयी बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गिटार मांडीवर असेपर्यंत रं, खाली ठेवली की गं.

मग मी त्याच्यासारखं वाजवायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. गाण्याच्या मुखड्यावर परत येताना तो किंचित रेंगाळायचा, अगदी एका श्वासाएवढा, आणि ढोलकीवाला त्याच्यावर डोळे वटारायचा. ते रेंगाळणंसुद्धा मी घोटून घेतलं. मी वाजवायला बसले की आई टीव्ही बंद करायची आणि लसूण सोलत उंबऱ्याशी बसायची. तिचा चेहरा त्या वेळी जसा व्हायचा तसा दिवसभरात पुन्हा व्हायचा नाही. मला त्याची भीती वाटायची आणि तो चेहरा रोज बघावासाही वाटायचा. दारामागे कुणीतरी उभं आहे असं वाजवताना वाटत राहायचं, म्हणून मी दाराकडे तोंड करून बसायचे.

गेल्या वर्षी माझा डावा अंगठा गेला. आधी पिळलेल्या कपड्यातून पाणी निघेना, मग दुधाचं पातेलं हातातून सुटलं. डॉक्टरांनी मनगट इकडे तिकडे वळवून पाहिलं आणि सांगितलं की एक तर वाद्य सोडा, नाहीतर हाताला बेताचं वाद्य घ्या. असंच चाललं तर अंगठा कायमचा अडकेल. वाद्य सोडलं तर आईची संध्याकाळ जाणार होती. वाद्य बदललं तर आवाज बदलणार, आणि तो कान काही फसणार नव्हता. दोन्हीकडून भाऊच जात होता.

तालीम आहे असं आईला सांगून मी एका रविवारी सांगलीला गेले. वाद्यांच्या दुकानातला माणूस मिरजेचा, बोलका. त्यानं आधी सगळ्यांत आखूड गिटार मांडीवर दिली. हाताला ती खेळण्यासारखी वाटली, पण जाड तार ढिली पडायची आणि आवाज पातळ पिठल्यासारखा पसरायचा. मग त्यानं मधल्या मापाची काढली. मीडियम स्केल म्हणतात तिला, भावाच्या गिटारपेक्षा तार दोन इंचांनी आखूड. दोन इंचांनी काय मोठं होणार, असं माझ्या मनात आलं. मी ती घेतली आणि डावा हात सहज सोडला. गिटार तशीच राहिली, तिची मान खाली गेली नाही. भावाची गिटार हात सोडला की डोकं टाकायची. इतकी वर्षं मी वाजवत होते त्याहून जास्त तिला उचलून धरत होते, हे मला तिथं कळलं. खालचा सूर घ्यायला कोपर ताणावं लागेना. अंगठा गप्प होता.

मला आनंद व्हायला हवा होता. पण वाजवायला लागले तर एकेक सूर चुकत होता. बोटं दरवेळी गिटारच्या मानेवरल्या पट्टीच्या पुढे जाऊन पडत होती.

‘‘ताई, हात एवढा लांब कशाला न्हेताय?’’ दुकानदार म्हणाला. ‘‘सूर हितंच हाय की.’’

बोटं माझी होती, पण ती त्याच्या गिटारवर जात होती. मी डोळे मिटून सावकाश त्यांना मागे आणलं. मग एक मुखडा वाजवला आणि वेळेवर परत आले. पुन्हा वाजवला, पुन्हा वेळेवर. मुद्दाम रेंगाळायचं म्हटलं तरी ते खोटं वाटत होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते रेंगाळणं म्हणजे त्याची ढब नव्हती. त्याचा हात तिथं पोचायला तेवढा वेळ लागत होता. आमच्या घरात कुणाचेच हात लांब नाहीत. वाजवून झालं की तो मनगट झटकायचा, आणि मी त्याला ऐट समजत होते. त्यालाही दुखत होतं, त्यानं सांगितलं नाही, आणि मी त्याचं दुखणं घोटून घोटून आईला रोज ऐकवत होते.

मला त्या दुकानात रडू फुटलं. दुकानदारानं घाईनं पंखा वाढवला आणि चहा मागवला. मी ती मधली गिटार विकत घेतली. एसटीत ती मांडीवर उभी धरून बसले, आणि कऱ्हाड मागे पडल्यावर मला घरी जाऊच नये असं वाटायला लागलं.

आई देवापाशी दिवा लावत होती. तिनं पिशवी पाहिली, आणि हात दुखतो म्हणून आणली, असं मी सांगितलं. बरं केलंस, एवढंच बोलून ती स्वयंपाकघरात गेली. भावाची गिटार खिळ्यावर होती. मी नवी अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, दाराकडे तोंड करून बसले आणि वाजवायला लागले. टीव्ही बंद झाला. मी मुखड्यावर आले, वेळेवर. लसणाच्या टोपल्याचा आवाज थांबला. मी वाजवत राहिले, कारण थांबायला वाजवण्यापेक्षा जास्त धीर लागला असता.

आणि माझ्या पाठीमागे भिंतीवर जाड तार घुमायला लागली.

एकाच सुरात लावलेल्या दोन तारा असल्या की एक छेडल्यावर दुसरी थरथरते. हा धडा मी दरवर्षी शिकवते. तरी मला मागे बघवेना.

आई उंबऱ्याशी उठून उभी राहिली होती. हाताला लसणाची सालं चिकटलेली. तिनं भिंतीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं.

‘‘बास गं आता,’’ ती म्हणाली. ‘‘जेवाय ये.’’

मी तारांवर हात ठेवला. माझी गिटार गप्प झाली. भिंतीवरची अजून घुमत होती.

आईनं पदराला हात पुसले. मला ओलांडून ती भिंतीपाशी गेली आणि ताप बघावा तसा सगळा तळवा तिनं त्या तारांवर टेकला.

‘‘तूबी बास रं आता,’’ ती म्हणाली. ‘‘लय वाजीवलंस.’’

आवाज थांबला. हात मात्र तिनं काढला नाही.