मॅडमनी ऐकलेला पंखा

"पाठ फिरवली म्हणून माझे कान बंद झाले न्हाईत," असं बजावून मॅडम फळ्याकडे तोंड करून बसायच्या. मागे कीबोर्ड खडखडायचे आणि कोण बोटांकडे बघून टाइप करतंय ते त्यांना आवाजावरून कळायचं. असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. मंठ्यातल्या त्यांच्या कॉम्प्युटर टायपिंग क्लासची मशीन मी दुरुस्त करायचो. काम संपलं की त्या "झालं का?" असं कधी विचारायच्या नाहीत. "बराबर झालं का?" असंच विचारायच्या आणि माझी दुपार त्यातच जायची.

एका उन्हाळ्यात सगळी मशीन रेंगाळायला लागली. अक्षर दाबावं आणि ते उमटायची वाट बघावी. मी आपलं उन्हावर आणि धुळीवर खापर फोडलं, मशीनच्या आतले पंखे पुसले आणि निघालो. फरक शून्य.

वर्षा नावाची एक मुलगी जवळच्या खेड्यातून एसटीने यायची. क्लासात सर्वांत वेगवान तीच. तिचा वेग घसरला तशी मॅडमची बोलणी सुरू झाली. परीक्षा तोंडावर आली आणि ती म्हणाली, "उद्यापासून येत न्हाई, मॅडम. माझी बोटंच जड होऊन राह्यली."

मॅडम तिच्या मशीनकडे पाठ करून बराच वेळ बसून राहिल्या. मग मला फोन आला, "जल्दी या."

मी टास्क मॅनेजर उघडून कोणता प्रोग्रॅम किती राबतोय ते बघायला लागलो. सगळं शांत.

"आता ते बंद करा," मॅडम म्हणाल्या. बंद केल्यावर थोड्या वेळाने पंखा घरघरायला लागला. "बघितलं? आपण बघून राह्यलो की शहाणं, पाठ फिरवली की चालू. हे मशीन न्हाई, कार्टं आहे!"

बाई बिलकुल खरं बोलत होत्या. आत एक छुपा प्रोग्रॅम बसला होता. कुठल्या तरी अनोळखी माणसासाठी क्रिप्टोची नाणी कमवायला आमची मशीन राबत होती. तो आला होता मराठी फॉन्टच्या फुकट सेटअपमधून. एकाच पेनड्राइव्हवरून सगळ्या मशीनमध्ये टाकलेला, जसा आपल्याकडे सगळेच टाकतात.

"परीक्षा होऊ द्या, मंग सगळं पुसू," मी म्हणालो.

"परीक्षा याच मशीनवर आहे. आजच पुसा."

"तुमचे सरावाचे उतारे तरी वाचवतो."

"त्याच पेनड्राइव्हवर ना? जाऊ द्या. पोरी पेपर बघून टाइप करतील."

वर्षानुवर्षं जमवलेले उतारे गेले. सगळं नव्याने, मूळ ठिकाणाहूनच टाकलं. प्रोग्रॅम टाकायचा पासवर्ड फक्त मॅडमकडे राहिला आणि पेनड्राइव्हच्या खाचांवर त्यांनी स्वतः चिकटपट्टी लावली. मग वर्षाला बोलावून सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "तुझी बोटं जड न्हवती. मशीन चोराच्या ताब्यात होतं. मी उगाच तुला बोलले. बस आता."

ती बसली आणि पासही झाली.

मॅडमना जाऊन आता वर्ष होईल. क्लास बंद आहे.

परवा एका कार्यालयात प्रिंटर दुरुस्त करत होतो. तिथं वर्षा क्लार्क आहे. साहेब तिच्यावर खेकसले, "हात चालवा जरा!"

तिने मान वर केली. "माझे हात बराबर चालून राह्यले, साहेब. मशीन तपासून घ्या."

मॅडमची इतकी आठवण आली की प्रिंटरचं झाकण तसंच उघडं टाकून मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.