आण्णांची रात्रीची गोळी

माझे सासरे नेमगोंडा, घरात सगळ्यांचे आण्णा, यांनी तीस वर्षं गावच्या डेअरीत दुधाचं फॅट मोजलं. एका पॉइंटचाही फरक कुणाचा खपवून घेतला नाही. अशा काटेकोर माणसाच्या हाती हृदयाच्या गोळ्या दिल्यावर वर लक्ष कशाला ठेवायचं, असं आम्हाला वाटलं. तिथेच आमचं चुकलं.

ठोके ताब्यात ठेवणारी गोळी, सकाळी एक, रात्री एक. दर रविवारी आण्णा रिकामी डबी प्रगतिपुस्तकासारखी दाखवायचे आणि आम्ही शाबासकी द्यायचो.

मग एका पंधरवड्यात ते दोनदा जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, पायऱ्यांवर चक्कर येऊन पडले. नाडी बेचाळीस. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि पेसमेकर बसवावा लागेलसं दिसतंय म्हणाले.

"गोळ्या नीट घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक बी चुकली न्हाय," आण्णा म्हणाले. खोटं नव्हतंच ते.

कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई तेवढ्यात बोलल्या, "डॉक्टर, दिवस मावळल्यावर ह्यांनी पाण्याचा घोट घेतल्याला मी पन्नास वर्सांत बघितला न्हाय. मग रातची गोळी जातीया कुठं?"

आण्णा छताचा पंखा बघायला लागले. शेवटी कबूल झाले. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नेम मोडायचा नाही, गोळीही बुडवायची नाही, म्हणून दोन्ही सकाळीच एकदम घेत होते.

"आधी सांगायचं की. दोन एकदम घेतल्या की ठोके फार मंदावतात," डॉक्टर म्हणाले.

"नेम मोडा म्हणाला असता तुमी."

"कशाला मोडायचा? आजच्या दोन्ही झाल्यात, आता उद्यापासून. सकाळची सकाळी, दुसरी संध्याकाळी साडेपाचला, जेवणाबरोबर. पण वेळ आपल्या मनानं बदलायची नाही, मला विचारायचं. पेसमेकरचं आठवड्यानं बघू."

गाडीत आण्णा फुगून बसले. "घरातलं भायेर सांगतीस व्हय?"

"सांगणार की. पायऱ्यांवर तुमास्नी पडल्यालं मी बघितलंय," सासूबाई म्हणाल्या.

आठवड्याने नाडी चौसष्ट भरली आणि पेसमेकर टळला. आता रोज साडेपाचला आण्णा डबी घेऊन सासूबाईंसमोर उभे राहतात. डेअरीत ते लोकांच्या दुधाकडे बघायचे, तशाच नजरेनं सासूबाई आण्णांकडे गोळी गिळून होईपर्यंत बघत असतात.