आत काय हाय?

नेवाशात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक माणूस आहे. इतकी वर्षं जातोय, पण नाव कधी विचारलं नाही. तो बोलतो तुटक, तेही गिऱ्हाइकाकडे न बघता. मात्र जुनी हार्डडिस्क घेऊन कुणी तिच्यासाठी केसिंग, म्हणजे ती बाहेरून जोडता येईल अशी डबी मागितली, की त्याचा प्रश्न ठरलेला: "आत काय हाय?" पिक्चर-गाणी असतील तर तो प्लॅस्टिकचं केसिंग पुढे सरकवतो. मला ही चौकशी आगाऊ वाटायची.

घरचा कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा मीही त्यातली डिस्क घेऊन गेलो. समोरचं प्लॅस्टिकचं केसिंग उचललं. त्यानं विचारलंच, "आत काय हाय?"

"मुलाचे फोटो. गेला तो, मागच्या वर्षी."

त्यानं माझ्या हातातलं केसिंग काढून घेतलं. "ह्ये लई तापतंय," म्हणत ॲल्युमिनियमचं काढलं, डिस्क बसवली, स्क्रू आवळले, दुकानातल्या कॉम्प्युटरला केबल जोडली. पहिला फोटो उघडायच्या आत स्क्रीन माझ्याकडे फिरवून तो उठला आणि बाहेर पायरीवर दुकानाकडे पाठ करून उभा राहिला.

एक गिऱ्हाईक आत यायला निघालं. त्याला हातानं अडवत तो हळू आवाजात म्हणाला, "थांबा जरा. आत बापलेक बसलेत."