रातपाळीच्या घरची पोरं

कुसुमवहिनी गेल्याचा निरोप आला त्या दिवशी मी अंगणात वाळत घातलेल्या वड्या उलटत होते. दुर्गहून तिचा पुतण्या सायकलवर आला, "काकू गेल्या" म्हणाला, पाणी प्यायला आणि पुढच्या घरी सांगायला गेला. मी उरलेल्या वड्या उलटल्या आणि मग पातळ बदललं.

दहाव्याला आम्ही जुन्या शेजारणी तिच्याकडे जमलो. एकीनं एक किस्सा सांगितला, तो संपायच्या आत दुसरीला दुसरा आठवला. तान्ह्या पोराच्या घरी लंगोट साठतात तसंच हे. दोरीवरचे वाळण्याआधी नवे येऊन पडतात!

*

भिलाईचा प्लांट उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. आमच्या ब्लॉकमध्ये चार क्वार्टर्स, तीन घरांत तान्हं मूल, आणि सासू एकाही घरात नाही! सगळ्या आपापल्या गावी. पोर रात्री का उठतं, हे विचारायचं कोणाला? कुसुमवहिनी आमच्याहून थोडी मोठी, नागपूरकडच्या रेल्वेवाल्यांची मुलगी. म्हणून तिलाच.

शेजारच्या मालतीची खात्री होती, पोरं प्लांटच्या भोंग्यानं उठतात. पहाटे भोंगा व्हायच्या आधी ती बाळाच्या कानात कापूस घालायची. बाळ त्या कापसानंच उठायचं!

एकदा भोंगा बिघडला, वाजलाच नाही. त्या पहाटे तिन्ही घरची पोरं एकदम रडत उठली. वहिनी दारात येऊन म्हणाली, "घ्या! आता साहेबाले जाऊन भोंगा मागा!"

*

पलीकडच्या बंगल्यात एक रशियन इंजिनिअर राहायचा. त्याची बायको एकदा सकाळी आमच्याकडे डोकावली. मालतीच्या बाळाला शांत झोप लागावी म्हणून वहिनी आंघोळीनंतर त्याला ओवा-उदाची धुरी देत होती. बाईनं धुराच्या वर धरलेलं बाळ पाहिलं, किंचाळली, आणि बादलीभर पाणी शेगडीवर ओतलं!

वहिनी भिजलेल्या निखाऱ्यांकडे बघत राहिली. "अवं माय, हिच्या घरी पोरं झोपतच नसतीन!"

दुसऱ्या दिवशी त्या बाईनं साखरेचा पुडा आणून दिला आणि निखारे पेटेपर्यंत उभी राहिली.

*

माझी सुमन तासातासाला उठायची. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "पोट लहान असतं, उठणारच. हळूहळू झोपेल." वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "डॉक्टरले म्हना, दोन राती तुह्या घरी ने!"

पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ह्यांचं काम ओव्हरहेड क्रेनवर. वर वितळलेल्या लोखंडानं भरलेलं लॅडलचं भांडं, खाली माणसं. एक दिवस जेवताना हे ताटाकडे बघतच म्हणाले, "आज वर बसल्या बसल्या डोळा लागला माझा. क्षणभरच."

वहिनीनं ते बाहेरच्या ओट्यावरून ऐकलं. आमच्या ब्लॉकचा कायदा तिनंच केलेला होता: ज्या घरचा माणूस रातपाळीला, त्या घरी रडकं पोर झोपवायचं. तिचे यजमान बहुधा रातपाळीतच असत. सुमन वरच्या दुधावर होती. त्याच संध्याकाळी वहिनीनं तिला उचललं. "बाटली दे. आन् भाऊजीले झोपू दे."

ह्यांना झोप मिळू लागली. तो सगळा हिवाळा सुमन रात्री तिच्याकडे राहिली.

*

वहिनीचा स्वतःचा पहिला मुलगा रायपूरला पाच महिन्यांचा होऊन गेला होता. रात्री दूध पिऊन झोपला, सकाळी उठलाच नाही. आम्हाला हे ठाऊक होतं. तो विषय कोणी काढत नसे.

*

हिवाळा संपत आला तेव्हा एका सकाळी मी सुमनला आणायला गेले. नेहमीसारखं विचारलं, "उठली होती का?"

"उठली ना. कितीक खेपा!"

मला रडूच आलं. "वहिनी, ही कधी रात्रभर झोपणार हो? रात्रीची आमच्या घरी ठेवायची कधी मी हिला?"

वहिनी बाटली विसळत होती. तिनं मान वर केली नाही.

"ते झोपते वो. दिवाळीपासून रातभर झोपते. मीच उठवून राहिली तिले."

तिनं बाटली पालथी घातली, हात पदराला पुसले आणि सुमनचं टोपडं नीट बांधून दिलं.

मी मुलीला घेऊन घरी आले. दिवे लागायच्या वेळी तिला पुन्हा वहिनीकडे नेऊन दिलं.

हे ह्यांना सांगायचं राहूनच गेलं.