कोल्हा, पोळं आणि आमची बकरी

आमच्याकडे रानात मधाचं पोळं दिसलं की झाडाला गवत पिळून गाठ मारायची. गाठ मारणाऱ्याचं पोळं. मग तो धूर करायला सवडीने का येईना, दुसरा कोणी हात लावत नाही. मसोलीपासून तलासरीपर्यंत हा कायदा सगळ्यांना पाठ आहे. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला येऊनही मला तो अभ्यासक्रमात कुठे सापडला नाही.

बाबांनी बांधावरच्या आंब्याला अशी गाठ मारली आणि दुसऱ्या दिवशी काकांनी पोळं उतरवलं. काका म्हणाले, गाठ नव्हतीच. बाबा म्हणाले, मग मी खोटारडा काय? शेवटी आईने तोंड उघडलं. गाठ आमच्याच बकरीने खाल्ली होती.

"मी बघितलं की तिला खाताना," आई म्हणाली. "मला काय माहीत, त्या गवतात कायदा आहे!"

पण तोवर दोघा भावांचं बोलणं बंद झालं होतं. संध्याकाळचा काकांच्या ओट्यावरचा चहाही बंद. बाबा घरीच चहा घ्यायचे आणि रोज त्यात खोट काढायचे. रविवारी काकांच्या मुलीचा साखरपुडा होता. बाबांनी बुधवारीच जाहीर केलं की रविवारी त्यांचं डोकं दुखणार आहे. या पोरीला सायकल शिकवताना त्यांनी स्वतःचा गुडघा फोडून घेतला होता! मला भयंकर राग आला.

त्याच आठवड्यात माझा परीक्षेचा अभ्यास चालू होता, अमेरिकेतल्या जुन्या गाजलेल्या निकालांचा. त्यातला एक मी बाबांना मुद्दाम वाचून दाखवला. देश नुकताच कुठे उभा राहत होता. समुद्रकाठच्या पडीक जागेत एकजण कुत्रे घेऊन कोल्ह्यामागे धावत होता. दुसऱ्याने मध्येच येऊन कोल्हा मारला आणि घेऊन गेला. गेले दोघे कोर्टात.

"कुत्रेवाला जिंकला असणार," बाबा म्हणाले.

"खालच्या कोर्टात जिंकला. वरच्याने निकाल फिरवला. नुसतं मागे धावून मालकी येत नाही. ज्याच्या हाती लागला, त्याचा."

"म्हणजे तुझा काका जिंकला?"

"अमेरिकेत."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू निकाल मीच लिहिला होता. मी घाईघाईने सांगितलं की एका न्यायाधीशाला हे पटलं नव्हतं. त्याचं म्हणणं, हे शिकाऱ्यांनाच विचारा, त्यांची रीत त्यांना ठाऊक.

"तो एकटा शहाणा," बाबा म्हणाले. "आपल्या रीतीने पोळं कुणाचं?"

"तुमचं. पण बकरीही तुमचीच."

आई पदर तोंडाला लावून हसली. बाबा हसले नाहीत. कपातला चहा निवत चालला होता.

"त्या दोघांचं पुढे काय झालं? बोलायला लागले का?"

मी पुस्तक चाळलं. मेलेल्या कोल्ह्यावर पानंच्या पानं लिहिलेली. "ते काही दिलेलं नाही, बाबा."

"एवढं मोठं कोर्ट," बाबा म्हणाले, "आणि मुख्य तेच लिहिलं नाही."

त्यांनी चपला घातल्या आणि बांध ओलांडून गेले. आईने हात जोडले. जरा वेळाने काकांचा आवाज आमच्या अंगणापर्यंत आला.

"आलास, दादा? बरं झालं. घरात रोज सवयीने दोन कप होतात. तुझ्या वाटणीचाही मीच पितोय, झोप उडालीय माझी!"